बीपीची गोळी आणि म्हातारपणाची उदासी

म्हातारं माणूस गप्प झालं, त्याचं जेवणावरचं मन उडालं, पहाटे तीनलाच डोळे उघडू लागले, की घरातले म्हणतात, ‘वय झालं.’ हे लोहगडवाडीसारख्या डोंगरातल्या वाडीत ऐकू येतं, तसं पुण्यातल्या फ्लॅटमध्येही. हा आजार असू शकतो हे पटायलाच पुष्कळ काळ गेला. तो नेमका कुठे असतो, याचं उत्तर तर अजून बदलतं आहे.

पहिल्या उत्तराचा एक धागा मुंबईचा. 1949 साली डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि ही देशी मुळी जगभर पोचली. 1952मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. बीपी उतरलं, पण काही रुग्ण उदास झाले. रेसर्पिन मेंदूतल्या सेरोटोनिनसारख्या रसायनांचा साठा रिता करतं, हेही कळलं. त्याच दशकात क्षयावरच्या इप्रोनियाझिडने रुग्ण खुलू लागले, आणि स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून यांना इमिप्रामिनचा उदासीवरचा गुण दिसला. हिशेब जुळला: रसायन घटलं की उदासी, वाढवलं की उतारा. 1965मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी तो शास्त्रीय भाषेत मांडला. गंमत अशी, की रेसर्पिन आणि उदासीचा संबंध पुढे तपासल्यावर वाटला तेवढा घट्ट निघालाच नाही. तोवर कल्पना रुळली होती. रुग्णाला दोन वाक्यांत समजावता येत होती.

या कल्पनेला पेच घातला म्हाताऱ्यांनी. त्याच गोळ्या, पण अनेकांना गुण कमी. एक काम सोडून दुसरं धरणं, ठरवलेलं तडीस नेणं ज्यांना जड जात होतं, त्यांना तर आणखीच कमी. 1997मध्ये न्यूयॉर्कचे जॉर्ज अलेक्सोपुलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोट ठेवलं ते रक्तवाहिन्यांवर. वर्षानुवर्षांचं बीपी, साखर यांनी मेंदूतल्या बारीक वाहिन्या खराब होतात, एमआरआयवर पांढरे डाग दिसतात, भावना आणि निर्णय सांभाळणाऱ्या भागांना जोडणारे तंतू कमजोर होतात. ऐन पावसात दरड येऊन लोहगडवाडीचा रस्ता बंद झाला, तर खाली मळवलीत माल कितीही असो, वाडीला त्याचा काय उपयोग? मेंदूतल्या रसायनाचंही तसंच.

हे जोड जिवंत माणसात पाहण्याची युक्तीही त्याच सुमारास सापडली होती. 1995मध्ये भारतीय वंशाचे भरत बिस्वाल यांनी दाखवलं, की माणूस स्वस्थ पडलेला असतानाही मेंदूचे दूरचे भाग एका लयीत चालतात. 2012मध्ये अलेक्सोपुलोस यांच्या गटाने वृद्ध रुग्णांना एसिटालोप्राम ही उदासीवरची गोळी देण्याआधी ही लय मोजली. विचारांवर ताबा ठेवणाऱ्या भागांतली जोड ज्यांची कच्ची, ते कमी बरे झाले. रुग्ण मात्र वीसही नव्हते. एवढ्यावरून ‘आधी स्कॅन, मग गोळी’ म्हणणं मला उतावीळपणाचं वाटतं. गटाच्या सरासरीतला फरक समोर बसलेल्या एका आजोबांबद्दल खात्रीने काही सांगत नाही. या कामासाठी वाडीतल्या कुणाला पुण्याला धाडून खर्चात पाडावं, असं आज तरी काही नाही.

तरीही वाहिन्यांच्या आणि जोडांच्या या विचाराने एक मोठं काम केलं. गोळी लागू पडली नाही तर दोष रुग्णाच्या मनाच्या खंबीरपणात शोधायचं कारण उरलं नाही. आणि बीपीपासून निघालेली गोष्ट पुन्हा बीपीपाशी आली. गोव्यात, उदासीच्या उंबरठ्यावरच्या साठीपुढच्या 181 जणांवर झालेला प्रयोग 2019मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी त्यांतल्या काहींना अडचणी सोडवायला, झोप सुधारायला, मधुमेहासारखे आजार सांभाळायला मदत केली. वर्षभरात ही मदत मिळालेल्यांतल्या शंभरात सुमारे 4 जणांना नैराश्य आलं, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत सुमारे 14 जणांना. मदत मिळालेल्यांचा रक्तदाबही उतरला. यात स्कॅन कुठेच नव्हता.

तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं बीपी मोजाल, तेव्हा झोप कशी लागते, कशात जीव रमतो का, हेही विचारा. चालू असलेली गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. गुण यायला म्हातारपणी काही आठवडे जास्त लागू शकतात. जवळ डॉक्टर नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे. तो मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.