दलदलीत पडलेली कांडी

दोन भाऊ होते, कराडचे. बसस्थानकाजवळ वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. थोरला अभ्यासात पुढे, बोलण्यात त्याहून पुढे. धाकटा अबोल, पण हात सतत चाललेले. रस्त्यात साधा स्क्रू सापडला तरी तो बोटांत फिरवून बघणार, त्याचे आटे मोजणार आणि मगच खिशात टाकणार.

दूरदर्शनवर ‘ही-मॅन’चं कार्टून लागायचं त्या दिवसांतली गोष्ट. शेजाऱ्यांच्या माजघरात गल्लीतली पोरं दाटीवाटीने बसायची. राजपुत्र अ‍ॅडमने तलवार उचलली आणि त्याचा ही-मॅन झाला की एकच गलका व्हायचा. कार्यक्रम पुरता संपायच्या आतच थोरला अंगणात पळायचा, कारण जो आधी पोचेल तो ही-मॅन. धाकटा मात्र शेवटपर्यंत बसून राहायचा. भागाच्या शेवटी गोष्टीतलं एखादं पात्र पडद्यावर येऊन मुलांशी चार शब्द बोलायचं, कुणाचं काय चुकलं ते समजावून सांगायचं. पुष्कळदा हे काम ऑर्कोकडे असे. ऑर्को म्हणजे राजवाड्यातला जादूगार. लाल झगा, छातीवर इंग्रजी ‘ओ’, टोकदार कान आणि झाकलेल्या चेहऱ्यातून चमकणारे दोन पिवळे डोळे. पाय नाहीतच, हवेत तरंगत फिरायचा. मोठ्या आवेशाने मंत्र म्हणायचा आणि भलतंच काहीतरी घडायचं. सगळी पोरं त्याला हसायची. धाकटा हसायचा नाही.

तो बाहेर येईपर्यंत भूमिका वाटून झालेल्या असत. “तू ऑर्को,” थोरला म्हणायचा, आणि धाकटा कबूल व्हायचा.

थोरल्याकडे भारतातच बनलेला, लिओ-मॅटेल कंपनीचा ही-मॅन होता. मामाने मुंबईहून आणलेला. कंबर पिळून सोडली की गर्रकन फिरून ठोसा मारायचा. घरात दुसरं खेळणं येणं शक्य नव्हतं, तेव्हा धाकट्याने आपला ऑर्को आपणच केला. दोऱ्याचं रिकामं रीळ, त्यावर आईच्या ब्लाउजातून उरलेला लाल तुकडा, छातीवर ‘ओ’च्या जागी शर्टाचं बटण, आणि तरंगावा म्हणून डोक्याला बांधलेला काळा दोरा. तो ऑर्को त्या ही-मॅनच्या मागेमागे सबंध अंगण हिंडला.

पुढे एकदा धाकट्याने घरातलं लंबकाचं घड्याळ खोलून पुन्हा जोडलं. दहा वर्षांचा होता. घड्याळ चालू झालं, पण दुपारी तीन वाजता अकरा टोले पडले. “आमच्या ऑर्कोचा मंत्र!” थोरला ओरडला. तेव्हापासून ते नाव धाकट्याला चिकटलं ते कायमचंच. मुंजीत, बारशात, लग्नात, चार नातेवाईक जमले की थोरल्याने ती अकरा टोल्यांची गोष्ट सांगायची आणि सगळ्यांनी पोट धरून हसायचं, हा रिवाज पडला. त्याच घड्याळाचे टोले धाकट्याने संध्याकाळपर्यंत बसून दुरुस्त केले होते. गोष्टीत तेवढा भाग नसे.

१९९७च्या उन्हाळ्यात वडील गेले. थोरल्याचं सांगलीच्या वालचंद कॉलेजात इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष नुकतंच संपलं होतं, धाकट्याचा दहावीचा निकाल लागायचा होता. पावसाळ्याच्या तोंडावर थोरला सांगलीला परतला. मागोमाग धाकट्याचं पत्र आलं: बाबांच्या विम्याचे पैसे मिळाले, त्यातून तुझी फी भरतो आहोत, तू अभ्यास कर. मला पुढे शिकायचा कंटाळाच आहे, मी दुकानात बसतो.

थोरल्याने पत्र वाचलं आणि विश्वास ठेवला. एकोणीस वर्षांच्या मुलाने आणखी काय करायचं? मी त्याला त्या वयासाठी दोष देणार नाही. पण माणूस चाळिशी ओलांडतो, स्वतःच्या मुलीची फी भरतो, पैसे कुठून येतात आणि कसे संपतात ते त्याला कळू लागतं, तेव्हा तरी त्याने मागे वळून हिशेब मांडायला हवा होता.

थोरला पुण्यात मोठ्या हुद्द्यावर गेला. कराडचं दुकान मात्र आक्रसत गेलं. आधी सेलवरच्या स्वस्त घड्याळांनी दुरुस्ती खाल्ली, मग मोबाइलने मनगटच रिकामं केलं. धाकटा पट्टे बदलून देतो, सेल घालून देतो. कधीतरी कुणी आजोबांचं चावीचं एचएमटी घेऊन येतं, तो दिवस त्याचा. डोळ्याला भिंग लावायचं, मागचं झाकण उघडायचं, आणि केसाइतकी बारीक स्प्रिंग चिमट्याच्या टोकाने अशी उचलायची की तिला उचलल्याचं कळू नये. त्या वेळी तो श्वाससुद्धा बेताने सोडतो.

थोरल्याला संग्रहाचा नाद लागला. बैठकीच्या खोलीत काचेचं कपाट, आत दिवे, आणि खोक्यांतून न काढलेल्या ॲक्शन फिगर: ही-मॅन, स्केलेटॉर, टीला, मॅन-ॲट-आर्म्स. मॅटेलने नव्याने ऑर्को काढल्याचं कळलं तेव्हा त्याने आगाऊ पैसे भरून तो मागवला. दिवाळीला धाकटा आईला घेऊन पुण्याला आला, त्याच आठवड्यात खोकं दारात आलं.

काम सुरेख होतं. झग्याच्या चुण्या, पिवळे डोळे, सांध्यांत वळणारे निळे हात, आणि तरंगल्याचा भास व्हावा म्हणून पारदर्शक दांडी. थोरला सगळ्यांना खोक्याच्या खिडकीतून दाखवत होता आणि भरभरून सांगत होता. ऑर्को मॅटेलच्या मूळ खेळण्यांत नव्हताच, फिल्मेशन स्टुडिओने तो १९८३च्या कार्टूनसाठी घडवला. पहिलं नाव गॉर्पो. पण पैसे वाचवायला स्टुडिओतले लोक तेच चित्र उलटं करूनही वापरायचे. छातीवर ‘जी’ असता तर तो उलटा दिसला असता. ‘ओ’ कुठूनही ‘ओ’च, म्हणून ऑर्को. आवाज कुणाचा? स्टुडिओच्या संस्थापकांपैकी एक, लू शायमर, त्यांचा स्वतःचा. १९८४ साली पहिलं खेळणं निघालं, दातेरी पट्टी खेचली की भिरभिरत जाणारं. कार्टूनचे एकूण भाग १३०.

हे सगळं खरं होतं आणि त्यातलं त्याचं प्रेमही खरं होतं. पण त्याची दहा वर्षांची मुलगी खोक्यावर नाक टेकवून बघत होती. तिने विचारलं, “बाबा, याची जादू नेहमी चुकते ना? मग राजाने त्याला ठेवलाय कशाला?”

थोरला अडला. “गंमत म्हणून,” तो म्हणाला. “विनोदी पात्र असतं ना एक.”

“तसं नाहीये ते,” धाकटा म्हणाला. एवढ्या वेळात तो पहिल्यांदाच बोलत होता. मुलगी त्याच्याकडे सरकली.

“ऑर्को मूळचा ट्रोला नावाच्या जगातला. तिथे तो नावाजलेला जादूगार होता, त्याचे मंत्र चुकत नसत. एकदा वादळात सापडला आणि या परक्या जगात येऊन पडला. बघतो तर डांबराच्या दलदलीत राजपुत्र अ‍ॅडम अडकलाय, आणि त्याच्यासोबत क्रिंजर, त्याचा वाघ. दोघं आत आत चाललेत. ऑर्कोने जादू करून दोघांना वर काढलं. पण त्या गडबडीत त्याची कांडी दलदलीत पडली. गेली ती गेलीच. तेव्हापासून त्याची जादू बिघडली. राजा त्याला ठेवून घेतो तो यासाठी.”

“आणि अ‍ॅडमला हे माहितीये?”

“हो. म्हणून तर आपण ही-मॅन आहोत हे गुपित ज्या मोजक्या लोकांना तो सांगतो, त्यांत ऑर्को आहे. तोही ते कुणापाशी बोलत नाही.”

मुलीने थोडा विचार केला. “काका, बाबा तुला पण ऑर्को म्हणतात. तुझी कांडी कुठे पडली?”

धाकटा हसला. “माझ्याकडे कुठली आलीय कांडी!”

“सांगलीला पडली,” आई म्हणाली. ती सोफ्याच्या कडेला बसून वाती वळत होती. हात थांबले नाहीत. “पुण्याच्या पॉलिटेक्निकच्या यादीत नाव लागलं होतं याचं. तुझ्या बाबांनी पोस्टात पैसे साठवले होते त्यासाठी. ते काढले आणि तुझी फी भरली.”

“पण विमा…” थोरला म्हणाला.

“विम्याचे पैसे दवाखान्याचं बिल भागवण्यातच गेले होते. मी म्हटलं होतं याला, दादाला खरं ते लिही. नको म्हणाला. मलाही शपथ घातली. आता पोरीनेच विचारलं, तर मी किती दिवस गप्प बसू?”

थोरल्याने भावाकडे पाहिलं. “का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू कॉलेज सोडून आला असतास,” धाकटा म्हणाला. “आणि दुकानात तुझा काही उपयोग नव्हता, दादा. तुझा हात जड आहे.”

थोरला खोकं हातात धरून बराच वेळ उभा होता. त्या १३० भागांतली अक्षरं, आवाज, रंग, सगळं त्याला तोंडपाठ होतं. नेमका हाच भाग पडद्यावर चालू असताना तो अंगणात पळाला असेल, किंवा बघूनही विसरला असेल. सख्ख्या भावाच्या बाबतीतही त्याचं तसंच झालं होतं. उपकार विसरणारा माणूस वाईट असतोच असं नाही. कधी त्याच्यापर्यंत उपकाराची गोष्ट पोचलेली नसते, पण चेष्टेची गोष्ट मात्र तो वर्षानुवर्षं रंगवून सांगत राहतो. दुखतं ते तिथेच, आणि त्याची भरपाई बंद दाराआड होत नाही. चेष्टा चारचौघांत झाली होती.

मार्गशीर्षात कोल्हापूरला मावसबहिणीच्या मुलाचं लग्न निघालं. जेवणं उरकल्यावर पंगतीच्या टोकाला गप्पा रंगल्या, आणि मामांनी नेहमीप्रमाणे फर्मान काढलं, “अरे, ती ऑर्कोची होऊन जाऊ दे! अकरा टोल्यांची!”

धाकटा पानाच्या तबकापाशी विडे लावत होता. त्याने मान वर केली नाही.

“सांगतो,” थोरला म्हणाला, “पण आज सुरुवातीपासून सांगणार.” आणि त्याने डांबराच्या दलदलीपासून सुरुवात केली. राजपुत्र कसा रुतला, त्याला कुणी काढलं, काढताना काय गेलं. मग १९९७ साल आलं, सांगली आली, पोस्टातले पैसे आले, ते पत्र आलं. मामांना आधी वाटलं, पुढे विनोद येणार आहे. थोरला न थांबता बोलत गेला.

“माझ्या दुसऱ्या वर्षाचे सहा हजार रुपये याने भरले,” तो म्हणाला. “सोळा वर्षांचा होता. स्वतःच्या शिक्षणाचे पैसे होते ते.”

“सहा नाही, दादा,” पानाला चुना लावता लावता धाकटा म्हणाला. “सहा हजार दोनशे. मेसचं डिपॉझिट वेगळं होतं.”