रक्षण कर, रक्षण कर

आपल्याकडे तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणतात, तसं तमिळ घरांतून ‘कंद षष्ठी कवचम’ म्हटलं जातं. तिथे रामाऐवजी मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकेय. पद्धत मात्र तीच. एकेका अवयवाचं नाव घ्यायचं आणि तो सांभाळ म्हणून देवाला विनवत पावलांपर्यंत उतरायचं. या कवचात ‘काक्क’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. काक्क म्हणजे रक्षण कर. २००३ साली गौतम मेनन या तरुण दिग्दर्शकाने आपल्या पोलीसपटाला नाव दिलं ‘काक्क काक्क’. पोलिसांवरच्या सिनेमाला स्तोत्रातले शब्द! तमिळ न येणाऱ्या माझ्यासारख्याला हे कळायला बरीच वर्षं लागली. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ते ‘काका काका’ वाटलं होतं, आणि चेन्नईतल्या गुंडांशी काकांचा काय संबंध, हा प्रश्न मी शेवटपर्यंत बाळगून बसलो होतो.

तो पाहिला माटुंग्याहून आणलेल्या एका डीव्हीडीवर. सबटायटल्स धड नव्हती. पात्र तीन वाक्यं बोलून जायचं आणि खाली तीनच शब्द उमटायचे. तरीही दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपासचा तो सिनेमा मी जागचा न हलता पाहिला. त्यानंतर तो चार-पाच वेळा तरी पाहिला असेन. दर वेळी तो मला आवडतो आणि दर वेळी पाहून झाल्यावर आपण कशाला टाळ्या दिल्या, याची जरा शरम वाटते. या लेखाचं निमित्त एवढंच.

आधी आवडण्याबद्दल. सिनेमा उघडतो तोच नायकाच्या हरण्यावर. जखमी अवस्थेतला एसीपी अन्बुसेल्वन एका कॉटेजच्या खिडकीतून बाहेर फेकला जातो, पाण्यात पडतो, आणि तिथून त्याचाच आवाज आपल्याला गोष्ट सांगू लागतो. तोवरचा तमिळ पोलीस पडद्यावर यायचा तो पाठीमागून प्रकाशझोत घेऊन, बुटांच्या क्लोजअपसकट. त्याच वर्षी मे महिन्यात हरि या दिग्दर्शकाचा ‘सामी’ आला होता आणि विक्रमने तसला गरजणारा पोलीस झोकात उभा केला होता. ऑगस्टमध्ये सूर्याचा अन्बुसेल्वन आला तो बारीक केस कापलेला, कमी बोलणारा, डोळ्यांखाली झोप साचलेला. आवाज चढवायची त्याला गरजच पडत नाही. मला वाटतं, मेननची पहिली हुशारी ही, की त्याने पोलिसाला नोकरी दिली. अन्बु, श्रीकांत, अरुल, इळमारन हे चौघे अधिकारी एकाच विशेष पथकात आहेत. ते एकमेकांच्या घरी जातात, थट्टा करतात, त्यांच्या बायका एकमेकींना ओळखतात. आणि घरचा फोन वाजला की खोलीतली हवा बदलते. गुंडांना मारणाऱ्या अधिकाऱ्यांच्या घरी धमकीचे फोन येतात, अशा बातम्यांतून ही कथा सुचल्याचं मेननने सांगितलेलं आहे. या सिनेमातली भीती खरोखर तिथून येते. रस्त्यावरच्या गोळीबारात ती नसते. ती स्वयंपाकघरात असते.

मायाची पहिली भेट पाहा. ज्योतिकाने केलेली ही शाळेतली बाई. साध्या वेशातला एक अनोळखी तरुण येऊन तिला विचारतो, इथे काही त्रास वगैरे होतो का? ती त्याला उडवून लावते. बरोबरच आहे, रस्त्यात असं विचारणारा माणूस नव्वद टक्के वेळा स्वतःच त्रास असतो. हा पोलीस आहे हे तिला ठाऊक नसतं आणि तोही ओळखपत्र काढून मिरवत नाही. पुढे तिच्या विद्यार्थिनीला टवाळ पोरं छळतात तेव्हा हाच माणूस उपयोगी पडतो. ती अपघातात सापडते तेव्हा तिच्या उशापाशी असतो. प्रेम जमतं ते असं, कामाच्या फटीफटीतून. सूर्या आणि ज्योतिका यांनी तीन वर्षांनी खरोखर लग्न केलं, हे माहीत असल्यामुळे आज पाहताना त्या प्रसंगांना उगीच एक ऊब येते, हे मान्य करतो. आर. डी. राजशेखर यांचा कॅमेरा, अँथनी यांचं झटक्याझटक्याचं संकलन, हॅरिस जयराज यांचं संगीत आणि तामरै या कवयित्रीची गीतं! या चमूने तमिळ पोलीसपटाला शहरी चेहरा दिला. गाणी कथेची गती अडवतात, हा आक्षेप खरा. पण ती ऐकताना गती गेली कुठे, याची चौकशी करावीशी वाटत नाही.

आता शरमेबद्दल. हे पथक काय करतं? गुंडांना गाठून ठार मारतं. सेतू नावाच्या टोळीप्रमुखाला ते मारतात. त्याचा धाकटा भाऊ पांडिया येतो आणि सूड घेऊ लागतो. जीवन या नटाने हा पांडिया असा केला आहे की लांब केसांचा तो माणूस नुसता चौकटीत शिरला तरी आपण खुर्ची मागे घेतो. पण जरा थांबून हिशोब मांडला तर पांडियाचा भाऊ पोलिसांनी कोर्टाची पायरी न दाखवता मारलेला आहे. उत्तरार्धात अन्बुच्या वाट्याला जे दुःख येतं, त्याच जातीचं दुःख पांडियाच्या वाट्याला पूर्वार्धात आलेलं आहे. एकाच्या दुःखाला व्हायोलिन मिळतं, दुसऱ्याच्या दुःखाला भेसूर हसू. मानवी हक्कांच्या तक्रारीवरून पथक बरखास्त होतं, तेव्हा सिनेमा ते अशा रीतीने दाखवतो की चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा म्हणेल, हे हक्कवाले मध्येच कुठून कडमडले? त्यांची बाजू मांडायला एकही धड पात्र नाही. सगळं आपण ऐकतो ते अन्बुच्या आवाजात, आणि तोही मरणाच्या दारात पडलेल्या माणसाच्या आवाजात. अशा माणसाची उलटतपासणी कोण घेणार? ज्या युक्तीने सिनेमा आपल्याला पहिल्या मिनिटाला धरतो, तीच युक्ती आपला प्रश्न विचारायचा हक्क काढून घेते.

दुसरा दोष मेननच्या पोलीसपटांत पुढे मुरलेला दिसतो. माया मरते. श्रीकांतच्या बायकोचं अपहरण होतं, तिच्यासाठी तो मित्राचा ठावठिकाणा देऊन बसतो, आणि लग्न होऊन पाँडिचेरीला आलेल्या मायाला पांडिया उचलून नेतो. २००६च्या ‘वेट्टैयाडु विळैयाडु’मध्ये कमल हासनच्या राघवनची बायको गुन्हेगार मारतात. २०१५च्या ‘येन्नै अरिंदाल’मध्ये अजितचा सत्यदेव ज्या हेमानिकाशी लग्न करणार असतो, तिचा खून होतो. तीन पोलीस, तीन बायका, तिघींचं काम एकच: नायकाच्या बंदुकीत दारू भरणं. मेनन बायकांची पात्रं लिहितो छान, त्यांना नोकरी देतो, मतं देतो, विनोदबुद्धी देतो, आणि मग कथेचं इंधन संपत आलं की त्यांनाच चुलीत घालतो.

मराठी माणसाने हे वाचून तमिळांकडे बोट दाखवायचं कारण नाही. आपल्या वर्तमानपत्रांनी ‘चकमकीत ठार’ हा शब्दप्रयोग इतका गुळगुळीत केला आहे की त्यातली चकमक कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. गारगोटीवर गारगोटी आपटली तर ठिणगी उडते. शब्दालाच दोन बाजू लागतात. ११ जानेवारी १९८२ला वडाळ्यात मन्या सुर्वे मारला गेला, तिथून मुंबईच्या एन्काउंटरचा इतिहास सांगायची पद्धत आहे. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत अशा ९९ चकमकी झाल्या आणि त्यांत सुमारे १३५ माणसं मेली. त्यावरूनच पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेचा महाराष्ट्र सरकारविरुद्धचा खटला उभा राहिला आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने चकमकीतल्या मृत्यूंच्या तपासासाठी सोळा सूत्रं घालून दिली. यावर कुणी सिनेमा काढल्याचं ऐकिवात नाही. सोळा सूत्रांना शिट्ट्या कोण मारणार?

‘काक्क काक्क’चा हिंदी अवतार ‘फोर्स’ २०११ साली आला. तो केला आपल्या निशिकांत कामत यांनी. मला याचं फार कुतूहल वाटतं. कारण २००५ साली याच माणसाने ‘डोंबिवली फास्ट’ केला होता आणि त्यात पोलीस ज्याच्या मागावर आहेत त्या माधव आपटेच्या डोक्यात शिरून बसला होता. पुढे त्याचंच तमिळ रूप ‘एवनो ओरुवन’ माधवनला घेऊन केलं. म्हणजे एकच दिग्दर्शक मराठीतून तमिळमध्ये गेला तो पाठलाग होणाऱ्याला घेऊन, आणि तमिळमधून हिंदीत आला तो पाठलाग करणाऱ्याला घेऊन. ‘फोर्स’मध्ये जॉन अब्राहमचे दंड आणि विद्युत जामवालच्या उड्या आहेत, स्वयंपाकघरातली भीती मात्र सांडून गेली आहे. त्याच वर्षी हरिच्या ‘सिंगम’चा ‘सिंघम’ झाला आणि दुरैसिंगमचा बाजीराव. त्याच्या शेवटी सगळे पोलीस एकत्र येऊन खलनायकाला ठाण्यात आणून गोळी घालतात आणि मग वरिष्ठांना कहाणी पटवतात. मी तो तालुक्याच्या गावी पाहिला होता. माझ्या पुढच्या रांगेत एक निवृत्त हवालदार सहकुटुंब बसले होते. त्या प्रसंगाला सगळं थिएटर उभं राहिलं. हवालदार मात्र बसूनच होते, आणि मध्यंतरात घेतलेल्या शेंगदाण्यांच्या पुडीची सुरळी करत होते. बाहेर पडताना बायकोला म्हणाले, “नंतर पंचनामा कोण लिहिणार?”

पंचनामा लिहिला वेट्रिमारनने. त्याचा ‘विसारणै’ २०१५ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, पुढच्या वर्षी आपल्याकडे लागला आणि ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून गेला. मूळ पुस्तक एम. चंद्रकुमार यांचं, ‘लॉक अप’. हे कोइमतूरचे रिक्षाचालक. गुंटूरच्या कोठडीत स्वतः सोसलेलं त्यांनी लिहिलं. सिनेमात पोटासाठी आंध्रात आलेली, बागेत झोपणारी तमिळ पोरं पोलीस उचलतात, कारण एका बड्या घरी चोरी झाली आहे आणि फाईल बंद करायला कुणीतरी कबूल व्हायला हवं. त्यांतल्या मुख्य पोराचं नाव पांडी. पांडिया आणि पांडी! हा योगायोगच असणार, पण मला तो पुसून टाकता येत नाही.

एक प्रसंग सांगतो. पोरांना कोर्टात उभं करतात. न्यायाधीश तेलुगू बोलतात, पोरांना तमिळखेरीज काही येत नाही. दुसऱ्याच कामासाठी आलेला एक तमिळ पोलीस अधिकारी, समुद्रकनीने केलेला मुत्तुवेल, तिथे हजर असतो. तो दुभाषा होतो आणि पोरांचं खरं म्हणणं प्रथमच कुणाच्या तरी कानी पडतं. मी हे पाहत होतो सबटायटल्सच्या आधाराने. माझ्यासाठीही कुणीतरी दुभाषा बसलाच होता. पुढे हाच भला मुत्तुवेल त्यांना आपल्या कामाला जुंपतो, आपल्या ठाण्यात नेतो. तिथे साफसफाई करता करता पोरांच्या कानावर नको ते पडतं, आणि अखेरीस त्यांचीही ‘चकमक’ होते. उत्तरार्धात राजकारण, हिशेबनीस, वरिष्ठांचे हेवेदावे यांची गर्दी होते आणि पोरं काही काळ आपल्याच सिनेमात पाहुणी होतात. मारहाण इतकी चालते की एका क्षणी मन बधिर होतं. तो त्याचा दोष. पण गोष्ट सांगणारा आवाज कोठडीच्या आत बसलेला आहे, आणि तिथून तेच खातं कसं दिसतं ते एकदा पाहिलं की अन्बुसेल्वनचे शब्द पुन्हा तसे ऐकू येत नाहीत.

१९ जून २०२० रोजी तूतुकुडी जिल्ह्यातल्या सातानकुळम इथे टाळेबंदीत मोबाईलचं दुकान जास्त वेळ उघडं ठेवल्याच्या आरोपावरून एका बाप-लेकाला पोलिसांनी ठाण्यात नेलं. चार दिवसांच्या आत दोघेही मेले. चौकशीला गेलेल्या दंडाधिकाऱ्यांपुढे त्याच ठाण्यातल्या एका महिला हेड कॉन्स्टेबलने जबाब दिला: रात्रभर मारहाण चालली होती, लाठ्यांना आणि टेबलाला रक्ताचे डाग होते. पुढे सीबीआयने नऊ पोलिसांवर आरोपपत्र ठेवलं. त्याच दिवसांत हरिने एक निवेदन काढलं. पोलीस खात्याचा गौरव करणारे पाच सिनेमे आपण केले, याचं दुःख होतं, असा त्याचा आशय होता. दोन ‘सामी’, तीन ‘सिंगम’. दुरैसिंगमचं नल्लूर हे गाव सिनेमात तूतुकुडीजवळच आहे. निवेदनाने काय होतं, असं कुणी म्हणेल. पण त्याच्या सहा-सात महिनेच आधी हैदराबादेत चार आरोपींना चकमकीत मारल्यावर लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली होती, आणि ती चकमक बनाव असल्याचं न्या. सिरपूरकर आयोगाने २०२२ साली सांगितलं तेव्हा ती फुलं परत घ्यायला कुणी आलं नव्हतं. त्या मानाने हरिचं मोजकं का होईना, बोलणं मला मोठं वाटतं.

सूर्याने निवेदनापलीकडचं काही केलं. अन्बुसेल्वनचा आणि दुरैसिंगमचा तो चेहरा २०२१च्या ‘जय भीम’मध्ये वकिलाचा काळा कोट घालून आला. कोठडीत मेलेल्या एका इरुळर आदिवासीच्या बायकोचा खटला तो लढतो. गोष्ट १९९३ साली खऱ्या घडलेल्या प्रकरणावरची. सिनेमाची निर्मितीही त्याच्याच संस्थेची. दिग्दर्शक टी. जे. ज्ञानवेल यांनीच २०२४ साली ‘वेट्टैयन’मध्ये रजनीकांतच्या हातून चुकीच्या माणसाला चकमकीत मारवलं, पण सुपरस्टारला पश्चात्ताप करायलासुद्धा पार्श्वसंगीत लागतं, त्यामुळे तो सिनेमा दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा राहिला.

परवा पुन्हा ‘काक्क काक्क’ लावला. आता सबटायटल्स नीट आहेत. माया अन्बुला उडवून लावते त्या प्रसंगाशी मी थांबलो. तिने साध्या वेशातल्या माणसाला सरळ सुनावलं आणि निघून गेली. तिला ते जमलं, कारण ती शाळेतली बाई होती, दिवसाढवळ्या, चेन्नईच्या चांगल्या वस्तीत. बागेत झोपलेल्या पांडीला ते जमलं नसतं. मग मी तसाच पुढे पाहत राहिलो, आणि सेतूला मारतात तिथे माझा हात सवयीने टाळीसाठी उचलला गेलाच.