बांधापाशी थांबणारा कर

वरणगावच्या आयुध निर्माणीतल्या कामगाराच्या पगारपत्रकात कराच्या दोन कपाती दिसतात. एक व्यवसाय कराची: महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. हा कर 1975 साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. नोकरदाराच्या पगारातून दुष्काळी गावातल्या मजुराच्या हाताला काम मिळावं, हा हेतू थोर होता. पण घटनेच्या 276व्या कलमाची 2,500 रुपयांची कमाल मर्यादा 1988 पासून जागची हललेली नाही. म्हणून महिना 15,000 कमावणारा पुरुष आणि 3 लाख कमावणारा अधिकारी सारखीच रक्कम भरतात. पहिल्याच्या कमाईतल्या शंभर रुपयांमागे सुमारे 1 रुपया 40 पैसे जातात, दुसऱ्याच्या 7 पैसे. सारखी रक्कम म्हणजे सारखा भार नव्हे. दुसरी कपात प्राप्तिकराची. ती ऐपत पाहून होते, म्हणून मला तीच अधिक न्याय्य वाटते. मात्र हा न्याय शेताच्या बांधापाशी येऊन थांबतो.

तापीकाठच्या या पट्ट्यात केळीच्या बागा आहेत. 1961च्या प्राप्तिकर कायद्यानं शेतीचं उत्पन्न करातून वगळलं आणि नव्या कायद्यातही ते वगळलेलंच आहे. ज्याचा पगार करपात्र आहे आणि घरची शेतीही आहे, त्याला मात्र 5,000 रुपयांवरचं शेती उत्पन्न विवरणपत्रात दाखवावं लागतं. त्यावर थेट कर नसला तरी पगारावरच्या कराचा दर ठरवताना ते धरलं जातं. चार एकरवाल्या कामगाराची शेती अशी मोजली जाते, आणि केवळ शेतीतून पन्नास लाख निव्वळ कमावणाऱ्या बागायतदाराला एक रुपयाही प्राप्तिकर नाही. शेतीचा हिशेब मांडताच येत नाही, ही सबब इथंच गळून पडते. कामगाराला तो मांडावा लागतोच.

शेतकरी आधीच पिचलेला आहे, त्याच्यावर आणखी कर कशाला, हा आक्षेप मनापासूनचा आहे आणि तो टाळून पुढं जाता येणार नाही. मे-जूनच्या एका वादळात उभी बाग आडवी होते, व्हायरस आला तर रोपं उपटून फेकावी लागतात, आणि माल तयार असतानाच भाव पडतो. ठिबक, खतं, औषधं यांवरचा जीएसटी शेतकरी भरतो आणि व्यापाऱ्यासारखी त्याची वजावट त्याला मिळत नाही. पण हे सगळं मोठ्या नफ्याला कायमची माफी देण्याचं कारण होत नाही. खर्च वजा करून उरलेल्या रकमेवरच कर घेण्याचं कारण होतं. पगारदाराला नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत कर लागत नाही. तीच रेषा शेतीला लावली तर दोन-पाच एकरवाला तिच्या आसपासही येणार नाही. व्यापाऱ्याला तोटा आठ वर्षं पुढं ओढता येतो, तशी सोय बागायतदारालाही हवी. वादळाचं वर्ष मग त्याच्या हिशेबात धरलं जाईल. आज ते कुठंच धरलं जात नाही.

यावर दुसरी वाट के. एन. राज समितीनं 1972 साली सुचवली होती: जमिनीच्या उत्पादनक्षमतेवर कर. हिशेबाच्या दृष्टीनं ती सोपी आहे, पण मला पटत नाही. घड हाती आला नाही तरी कर द्यायचा, हे इंग्रजी अमदानीतल्या शेतसाऱ्याच्याच वळणावर जातं, आणि त्या साऱ्याखाली शेतकऱ्याचं काय झालं ते जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडलं. कर कमाईवर असावा, जमिनीवर नको.

शेती उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार घटनेनं दिल्लीला दिलेला नाही. राज्यसूचीतल्या 46व्या नोंदीनं तो विधिमंडळाकडे आहे. तेव्हा पुढच्या वेळी आपले आमदार वरणगावात मत मागायला येतील, तेव्हा शेतीतल्या मोठ्या नफ्यावर कर का नाही, हा प्रश्न कामगारानं आणि लहान शेतकऱ्यानं मिळून त्यांना विचारावा.