यंत्राचा निवाडा आणि शिक्षकाची सही

कृत्रिम बुद्धिमत्तेला शाळेत कोणते स्थान द्यावे याचा विचार करणाऱ्या आपल्या शिक्षणखात्याने २०२० सालच्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडमध्ये जे घडले त्याचा वृत्तांत एकदा बारकाईने वाचावा. महामारीमुळे परीक्षा रद्द झाल्या, तेव्हा ‘ऑफक्वाल’ या तेथील नियामक संस्थेने शिक्षकांनी अंदाजलेल्या ए-लेव्हल या शालान्त परीक्षेच्या श्रेण्या जशाच्या तशा न स्वीकारता, त्या त्या शाळेच्या मागील निकालांवर आधारलेल्या एका गणिती सूत्रातून गाळून घेतल्या, आणि त्यांपैकी सुमारे ४० टक्के श्रेण्या खाली उतरल्या. ज्या शाळेतून पूर्वी कोणी अव्वल आले नव्हते, तेथील बुद्धिमान मुलाला पूर्वीच्या विद्यार्थ्यांचे अपयश जणू वारसाहक्काने मिळाले. उलट, ज्या विषयाला अगदी मोजकेच विद्यार्थी होते तेथे शिक्षकांचाच शब्द प्रमाण मानला गेला, आणि असे लहान वर्ग खाजगी शाळांत अधिक असल्यामुळे त्या सवलतीचा लाभही बव्हंशी त्यांच्याच पदरी पडला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि १७ ऑगस्टला सरकारला माघार घ्यावी लागली. ते सूत्र आजच्या अर्थाने ‘बुद्धिमान’ नव्हते, निव्वळ संख्याशास्त्र होते. अधिकाऱ्यांचा हेतूही श्रेण्यांची खैरात थांबवण्याचा, म्हणजे सर्वस्वी प्रामाणिक होता. तरीही शाळेची सरासरी मुलाच्या माथी मारली गेली, हे नाकारता येत नाही.

आपल्याकडे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९ पासून नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय ठेवला. आता २०२६-२७ पासून तिसरीपासूनच त्याची ओळख करून देण्याचा केंद्र सरकारचा मानस जाहीर झाला आहे. विषय शिकवण्याला माझी हरकत नाही. परंतु मुलाने यंत्राविषयी शिकणे आणि यंत्राने मुलाविषयी मत बनवणे या दोन सर्वथा भिन्न बाबी असून, आपली सारी चर्चा पहिल्या बाबीभोवतीच घोटाळत राहते. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात प्रवेश, मूल्यमापन आणि परीक्षेवरील देखरेख यांसाठी वापरायच्या प्रणाली अतिजोखमीच्या ठरवल्या, आणि विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या भावना ताडणाऱ्या यंत्रांना शाळेत सामान्यतः मज्जावच केला. आपल्या २०२३ च्या विदा-संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवण्यास मनाई केली खरी, पण २०२५ च्या नियमांनी शैक्षणिक कार्य आणि सुरक्षितता यांपुरती शाळांना त्यातून सूट दिली. सूट समूळ गैर आहे असे नव्हे, कारण हजेरीपट हीदेखील एक पाळतच. परंतु ‘शैक्षणिक कार्य’ या शब्दांत काय मावणार नाही, हे कोणी सांगावे?

आपल्या मुलकी कारभाराला दिरंगाई आणि दफ्तरशाही यांबद्दल आपण कितीही नावे ठेवली, तरी त्यात हुकुमाखाली कोणाची तरी सही असे आणि त्या सहीविरुद्ध वरिष्ठांकडे दाद मागता येई. यंत्राने एखाद्या मुलीला ‘मंदगती’ ठरवले तर तिच्या बापाने अर्ज कोणाच्या नावे करावा? म्हणून प्रगतिपुस्तकात उतरणारा यंत्राचा प्रत्येक अभिप्राय शिक्षकाच्या सहीखाली, पालकाला कळेल अशा भाषेतील कारणांसह उतरावा, आणि तो फिरवण्याचा पूर्ण अखत्यार शिक्षकाला असावा, असे धोरणात निःसंदिग्धपणे लिहिले पाहिजे.

अर्थात सही हीसुद्धा पोकळ होऊ शकते. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळून, शिवाय निवडणुकीची आणि जनगणनेची कामे उरकणारा शिक्षक (शिक्षणहक्काच्या कायद्याच्या २७ व्या कलमानेच ही दोन कामे त्याच्या माथी ठेवली आहेत) यंत्राशी मतभेद करण्याइतकी फुरसत कोठून आणणार? तो निमूटपणे सही करील. याउलट संपन्न शाळांतील मुलांना शिक्षकही मिळेल आणि यंत्रही. रयतेच्या साऱ्यातून आलेला पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, ही जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडलेली तक्रार येथे नव्या रूपाने उभी राहते. तेव्हा शिक्षकांची रिक्त पदे भरणे ही या धोरणाबाहेरची बाब आहे, असे म्हणून खात्याला सुटका करून घेता येणार नाही. ज्या शाळेत मंजूर शिक्षकसंख्या पुरी नाही, तेथे मूल्यमापनाची प्रणाली बसवू नये, अशी अट शासन निर्णयातच घातली गेली पाहिजे.