पांढरं दिसलं म्हणजे हाड झालं?

बसू नकोस, उभाच राहा. थिसिस वाचला तुझा. ‘८ आठवड्यांत कवटीतला दोष नवीन हाडाने पूर्णपणे भरून आला’ असं ठोकून दिलंयस. कशावरून? तर एक्स-रेवर पांढरं दिसलं म्हणून! अरे, उंदराच्या कवटीत पाडलेल्या त्या भोकात तू भरलं काय होतंस? हायड्रॉक्सिॲपटाइटचे दाणे. म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटच. ऑपरेशन झाल्या झाल्या एक्स-रे काढला असतास तरी पांढरंच दिसलं असतं. आपणच टाकलेले दाणे आपणच मोजायचे आणि वर त्यांना नवीन हाड म्हणायचं, ही कुठली रीत?

आणि भोक केवढं पाडलंस? ३ मिलिमीटर. उंदराच्या कवटीसाठी ८ मिलिमीटर धरतात, ते काय हौस म्हणून? तेवढं भोक आपणहून भरत नाही. लहान असलं की कडेने हाड आपलं आपण वाढत येतं. रिकामं भोक ठेवलेला गट असता तर हे उघडं पडलं असतं; तो तू ‘वेळेअभावी’ गाळलास. भरलं उंदराच्या शरीराने आणि श्रेय तुझ्या दाण्यांना. आयत्या बिळावर नागोबा!

मार्शल युरिस्टचा १९६५ चा प्रयोग परीक्षेत घडाघडा लिहिला होतास. त्याने हाडातलं खनिज आधी आम्लात काढून टाकलं आणि उरलेला तुकडा प्राण्यांच्या स्नायूत ठेवला. तुकड्यात कॅल्शियम नाही, आणि स्नायूत एरवी हाड होत नाही. तरीही तिथे हाड झालं. शंका घ्यायला जागाच नाही! तुझ्या प्रयोगात शंकेशिवाय दुसरं आहे काय?

ही तळटीप काय आहे? ‘२ प्राणी वगळले.’ प्राणिगृहाचं रजिस्टर मी मागवून पाहिलं. तिथे लिहिलंय, जखमेत पू. वगळले म्हणे! युरिस्टच्याच वाटेने पुढे आलेलं बीएमपी-२ हे प्रथिन २००२ पासून अमेरिकेत मणक्याच्या शस्त्रक्रियेत वापरात आलं. कंपनीच्या पैशाने झालेल्या १३ अभ्यासांत, ७८० रुग्णांत, त्या प्रथिनामुळे म्हणावा असा एकही त्रास नोंदवलेला नव्हता. २०११ मध्ये ‘स्पाइन जर्नल’मध्ये ते अभ्यास सरकारी यंत्रणेकडच्या कागदपत्रांशी ताडून पाहिले गेले, तेव्हा त्रासाचं प्रमाण निघालं १० ते ५० टक्के. मानेत वापरलं तर सूज येऊन श्वास कोंडू शकतो, असा इशारा सरकारी यंत्रणेला २००८ मध्येच द्यावा लागला होता. त्यांनी वगळली ती माणसं होती. सवय मात्र हीच.

आता ऐक. पॅथॉलॉजीतून डिकॅल्सिफाय केलेल्या स्लाइड्स आण. आम्लात दाणे विरघळतात, तिथे नुसत्या पोकळ्या दिसतील. पोकळ्यांभोवती पेशी असलेलं जे हाड दिसेल, तेवढंच मोज. दाण्यांचा आणि रिकाम्या भोकाचा अशा दोन्ही गटांसाठी प्राणी एथिक्स कमिटीकडे अर्ज टाक, या वेळी ८ मिलिमीटरचं माप लिहून. मुदतवाढीवर मी सही करतो. पू झालेले दोन्ही उंदीर तक्त्यात परत घे. आणि ते ‘पूर्णपणे’ आत्ता, माझ्यासमोर खोड. हे घे पेन.