आखाजीची घागर कुणाला पोचते?

21 फेब्रुवारी 1932 रोजी, रविवारी, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भाव्यांनी गीतेवर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. 19 जूनला सांगता झाली. श्रोते सारे सत्याग्रही कैदी. त्यांत जमनालाल बजाज होते आणि अमळनेरच्या शाळेतली मास्तरकी सोडून चळवळीत आलेले साने गुरुजीही. गुरुजी ऐकता ऐकता सगळं उतरवून घेत होते, म्हणूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज घरोघरी आहे.

आत्म्याचा विषय दुसऱ्याच रविवारी निघाला. देह नाशवंत आहे, आत्मा अमर आणि अखंड आहे आणि स्वधर्म टाळता येत नाही, या तीन गोष्टी विनोबांनी एकत्र बांधल्या. आत्मा मरत नाही एवढं सांगून ते थांबले नाहीत. मरत नाही, तर मग भ्यायचं कशाला आणि कर्तव्य टाळायचं कशाला, असा त्यांचा रोख होता. घरदार मागे टाकून गजाआड आलेल्या माणसांना यातलं अक्षरन्‌अक्षर लागू होत होतं.

प्रवचनं चालू असतानाच त्या उन्हाळ्यात आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. सासुरवाशिणींचा, झोक्यांचा आणि गौराईच्या गाण्यांचा हा सण तितकाच पितरांचाही असतो. घरात नवी मातीची घागर येते. ती पाण्यानं भरून वर मातीचं लहान भांडं ठेवायचं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी सांजोऱ्या आणि आंबे. पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य झाला की चुलीतल्या निखाऱ्यावर तूप आणि घास सोडून आगारी द्यायची, गेलेल्यांची आठवण करायची. मोसमातला आंबा पितरांना दाखवल्याशिवाय तोंडात न घालणारी घरं अजूनही पुष्कळ आहेत. वर्षभरात घरातलं कुणी गेलं असेल, तर त्या घागरीपाशी बाईचा हात जरा जास्तच रेंगाळतो.

आता अडचण अशी, की आत्मा जुनं शरीर टाकून नवं घेत असेल, तर वैशाखात ज्याच्या नावानं घागर भरली तो एव्हाना दुसऱ्या कुणाच्या घरी रांगत असेल. मग हे पाणी कुणाच्या तहानेसाठी? चार्वाकांनी हा टोमणा फार पूर्वी मारून ठेवला आहे. इथं वाढलेलं अन्न परलोकात पोचत असेल, तर गावाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून देता, घरीच त्याच्या नावानं पान वाढा, असा त्यांचा युक्तिवाद. मत्स्यपुराणानं वाट काढली ती अशी: पितर ज्या योनीत असेल त्या योनीला मानवेल त्या रूपात अन्न त्याला मिळतं, देव झाला असेल तर अमृत, पशू झाला असेल तर गवत. उपनिषदांनी मृत्यूनंतरचे देवयान आणि पितृयान असे दोन मार्ग सांगितले. पांडुरंग वामन काणे यांच्यासारख्या धर्मशास्त्राच्या व्यासंगी इतिहासकारानंही पुनर्जन्म आणि श्राद्ध या दोन कल्पनांचा मेळ बसणं कठीण आहे, हे लपवलं नाही.

अजिंठ्याला जाणारे प्रवासी जळगावला उतरतात आणि पुढं लेण्यांत जे पाहतात त्यानं गुंता वाढतोच. सतराव्या लेण्याच्या भिंतींवर बोधिसत्त्वाच्या जन्मोजन्मीच्या कथा रंगवल्या आहेत. ज्या धर्मानं कायम टिकणारा आत्माच नाकारला, त्या धर्माच्या या कथा. एका दिव्यावर दुसरा लावला तर ज्योत तीच की वेगळी, अशा भाषेत बौद्धांनी त्याचं उत्तर दिलं. जन्मांची साखळी आहे, साखळीतून चालणारा कुणी नाही.

आत्म्याच्या या प्रश्नावर बारकाईनं विचार करणारं आधुनिक ठिकाण खानदेशातच उभं राहिलं, याचा इथल्या माणसांना आहे त्याहून जास्त अभिमान असायला हवा. अमळनेरला गिरणीमालक प्रताप शेठ यांनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे त्रैमासिक तिथून निघे, घनश्यामदास मलकानी ते चालवत. 1933 साली मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून ‘अज्ञान’ या एकाच कल्पनेवर अख्खं पुस्तक लिहिलं. साने गुरुजीही मास्तर होण्याआधी याच संस्थेत अभ्यासाला आले होते.

कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य पुढं इथले संचालक झाले. त्यांचं ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ हे पुस्तक त्याआधीच, 1930 साली, अमळनेरहूनच प्रसिद्ध झालं होतं. ज्ञात्याला वस्तूसारखं समोर ठेवून पाहता येत नाही; तो वस्तूंपासून, मग देहापासून, मग मनातल्या प्रतिमा-विचारांपासून पायरीपायरीनं सुटा होत जातो आणि हे सुटं होणं हेच त्याचं स्वरूप, असा या अवघड पुस्तकाचा गाभा. त्यातली एक पायरी अभावाच्या ज्ञानाची आहे. समोर काय आहे ते डोळे सांगतात. काय नाही, ते कसं कळतं? ओसरीवरची आजोबांची जागा रिकामी दिसते, म्हणजे नेमकं काय दिसतं? भट्टाचार्यांनी आखाजीचा विचार केला नव्हता, पण घागर भरणाऱ्या घराला हा प्रश्न सहज कळेल.

आणि तरी सर्वांत एकच आत्मा मानणाऱ्या अद्वैताच्या उत्तरात त्या घराला हवं ते सापडत नाही. अखंड आत्मा कुणाचाच आजोबा नसतो. त्याला तंबाखूची सवय नसते, सुनेवरचा राग नसतो, विशिष्ट आंब्याची आवड नसते. घरच्यांना मात्र नेमका तो तसा माणूस आठवतो आणि घागर त्याच्यासाठीच असते. तिला भोळी समजूत म्हणून हसणं अन्यायाचं आहे. आत्म्याच्या शास्त्रानं माणसातलं जे वगळलं, ते ही घागर जपते.

आणि देहच टिकवून धरला, तरी आत्म्याचा प्रश्न सुटत नाही. मुक्ताईनगरच्या पंचक्रोशीत, तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं जुनं दगडी देऊळ आहे. योगबळानं काळाला परतवत ते चौदाशे वर्षं जगले, अशी आख्यायिका. ज्ञानेश्वरांना काय मायना लिहावा हे न सुचून त्यांनी कोरंच पत्र धाडलं आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या. पाहणारा आणि पाहिलं जाणारं एकच, हा त्या ओव्यांचा आशय. इतकी वर्षं देह राखूनही त्यांना स्वतःची ओळख पटली नव्हती; ती ज्ञानेश्वरांच्या धाकट्या बहिणीनं, मुलीच्या वयाच्या मुक्ताईनं करून दिली. ती मुक्ताईही याच तापीकाठी 1297 साली अंतर्धान पावली, असं परंपरा सांगते.

अखंडतेची कल्पना आजोबा परत देत नसली, तरी जिवंत माणसांत ती काय करू शकते हे धुळ्यात प्रवचनं उतरवणाऱ्या हातांनीच दाखवलं. सर्वांत एकच आत्मा असेल, तर विठ्ठलाच्या दारात अस्पृश्य म्हणून कुणाला अडवायचं ते कोणत्या आधारावर? साने गुरुजींनी हा प्रश्न घेऊन महाराष्ट्रभर दौरा केला आणि 1 मे 1947 रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण मांडलं. ज्या देहाला विनोबांनी क्षुद्र म्हटलं होतं, तोच गुरुजींनी पणाला लावला. मंदिर सर्वांना खुलं करण्याचं ठरलं, तेव्हा 10 मे रोजी त्यांनी उपोषण सोडलं.