वाणसामान आणि वाहनतळ

वाण्याचे दुकान कोठे असावे हा प्रश्न जे नगर गिऱ्हाइकाच्या पायांकडे न पाहता त्याच्या मोटारीकडे पाहून सोडवते, त्या नगराने न्यायाचा एक मूलभूत प्रश्न नकळत निकालात काढलेला असतो. एका मोटारीस अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब जागा लागते. ती फुकट भासली, तरी तिचा खर्च डाळ-तांदळाच्या भावात मुरतो आणि पिशवी सावरीत पायी आलेली म्हातारीही तो मुकाट्याने भरते. डोनाल्ड शूप या अमेरिकन प्राध्यापकांनी २००५ साली आपल्या ग्रंथात हेच सप्रमाण मांडले. २०२२ साली कॅलिफोर्नियाने सार्वजनिक वाहतुकीच्या स्थानकांजवळच्या इमारतींवरील वाहनतळाची सक्ती बहुतांशी उठवली. मोटारीवाचून बाजार उभा राहू शकतो, याचे उदाहरण आपल्याकडेही आहे: पुण्याची मंडई १८८६ सालची, म्हणजे पुण्यात मोटारी येण्याच्या आधीची. आज तिच्याजवळ भुयारी मेट्रोचे स्थानक आहे. (तिथले पदपथ मोकळे आहेत, असे मात्र कोणी समजू नये.) आजारी व अपंग यांच्यासाठी दाराशी जागा राखणे हा धर्मच होय, पण अपवादाच्या आडून धडधाकटांच्या सोयीला हक्काची सनद देणे हा उघड अन्याय आहे. नव्या दुकानाच्या नकाशाला मंजुरी देताना पालिकेने पहिली अट पदपथाची घालावी.